पहिल्या पगारातून नेमकं काय कापलं? नवीन नोकरीची स्लिप वाचायची पद्धत

महिन्याची ७-८ तारीख आली की माझा फोन सुरू होतो. भोसरीतल्या पाच-सहा छोट्या कारखान्यांच्या पगाराचं काम मी बघतो आणि नवीन लागलेल्या पोरापोरींचा प्रश्न जवळपास एकच असतो, "दादा, एवढा टॅक्स कसा काय कापला?"

माझ्या मावसभावाचंच घ्या. ९ जून २०२५ ला तो जॉईन झाला, पत्रावर २०,५३५ लिहिलं होतं आणि पहिल्या महिन्यात खात्यात आले ११,५५६. घरी सगळे धरून चालले की पोराला फसवलं. स्लिप समोर ठेवून बसलो तर एक रुपयाही चुकीचा कापलेला नव्हता, आणि इन्कम टॅक्स तर त्यात नव्हताच.

महिना १८-२० हजार पगारावर इन्कम टॅक्स बसत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. स्लिपवर जे कापलेलं दिसतं त्याचे तीन ढीग करायचे. एक, जे तुमच्याच नावावर कुठेतरी जमा होतंय. दोन, जे सरकारकडे गेलं आणि परत येत नाही. तीन, जे कापायलाच नको होतं. हे ढीग करता येत नाहीत म्हणून लोक पीएफवरून एचआरशी भांडतात आणि खरोखर चुकीचा टीडीएस (पैसे हातात यायच्या आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापला जात असेल तर वर्षभर गप्प बसतात.

खालचे टॅक्सचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि राज्याच्या कपाती महाराष्ट्रातल्या. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात, त्यामुळे एचआरने वेगळ्या नंबरचा फॉर्म दिला तर घाबरू नका, कशासाठी आहे ते विचारा.

जॉईन व्हायच्या आधीची तयारी

कागद चारच आहेत, पण नव्वद भानगडी इथेच सुरू होतात.

पॅन आणि आधार लिंक आहे का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा, लॉगिन लागत नाही. लिंक नसेल तर पॅन निष्क्रिय धरलं जातं आणि जिथे टीडीएस लागतो तिथे तो जास्त दराने कापतात. उशिरा लिंक करायला १,००० रुपये फी पडते.

मग तिन्ही ठिकाणचं नाव जुळवा, आधार, पॅन, बँक पासबुक. आपल्याकडे हा घोळ फार आहे. आधारवर नाव-वडील-आडनाव, पॅनवर आडनाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींचं तर पॅन माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या. पगार व्हायला याने अडत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण पीएफचं केवायसी (ओळखीची पडताळणी) इथेच अडकतं, आणि ते कळतं कधी तर दोन वर्षांनी पैशाची गरज लागल्यावर. जन्मतारीखही बघून घ्या.

आधी कुठे तीन महिने जरी काम केलं असेल तरी तिथला यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) शोधून ठेवा. १२ आकडी नंबर असतो, जुन्या स्लिपवर सापडतो. आणि आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो चालू पाहिजे, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

टप्पा १: ऑफर लेटरमधला आकडा फोडून बघा

तीन आकडे वेगळे असतात. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार. इन हँड म्हणजे खात्यात येणारा. तोंडी सांगताना सीटीसी सांगतात आणि आपण ते इन हँड समजून खोलीचं भाडं ठरवून मोकळे होतो.

मावसभावाचं पत्र असं होतं. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००, घरभाडे भत्ता ३,०००, ग्रॉस १८,०००. त्यावर कंपनीचा पीएफ आणि त्याचे चार्जेस धरून १,९५० आणि कंपनीचा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हिस्सा ५८५. बेरीज २०,५३५. म्हणजे वरचे २,५३५ त्याच्या हातात कधीच येणार नव्हते.

आता ग्रॉसमधून काय जाणार ते काढा:

- पीएफ, १५,००० चे १२ टक्के: १,८००
- ईएसआयसी, १८,००० चे ०.७५ टक्के: १३५
- प्रोफेशनल टॅक्स: २००

राहिले १५,८६५. हा खरा पगार. खोली, मेस, गाडीचा हप्ता, जे काय ठरवायचं ते या आकड्यावर.

*तपासा:* पत्रात ग्रॉसची फोड नसेल आणि नुसता एक गोळाबेरीज आकडा असेल तर सही करायच्या आधी फोड मागा. व्हॉट्सऍपवर आली तरी चालेल, पण लेखी.

टप्पा २: तुम्ही पगारावर आहात का कन्सल्टंट, हे ओळखा

कमी पगारात खरोखर टॅक्स कापला जातो तो जवळजवळ नेहमी या कारणाने, त्यामुळे हा टप्पा नीट वाचा.

आमच्या शेजारची एक मुलगी क्लासमध्ये शिकवायची, महिना २० हजार. दर महिन्याला खात्यात १८ हजार यायचे. तिला वाटायचं पीएफ कापतायत, चला साठतायत पैसे. अकरा महिन्यांनी नोकरी सोडली आणि पीएफ कसा काढायचा विचारायला आली. तिचं पत्र बघितलं तर त्यावर 'प्रोफेशनल फी' लिहिलेलं. पीएफ नव्हताच, १० टक्के टीडीएस जात होता. २२ हजार रुपये तिच्या पॅनवर इन्कम टॅक्सकडे पडून होते आणि तिला पत्ताच नव्हता. वर्षाची सगळी कमाई २ लाख २० हजार, म्हणजे टॅक्स शून्य, म्हणजे सगळेच्या सगळे परत मिळणार होते, फक्त रिटर्न भरायला पाहिजे होतं. मुदत संपायच्या आत आली म्हणून बरं झालं.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पत्रात 'कन्सल्टंट', 'रिटेनर', 'प्रोफेशनल फी' असे शब्द, पीएफ नाही, ईएसआयसी नाही, आणि दर महिन्याला सरळ १० टक्के कपात. कामाचं कंत्राट म्हणून दाखवलं असेल तर १ टक्का. फीवरचा १० टक्क्यांचा टीडीएस एका वर्षात ५०,००० च्या वर फी गेली की लागतो, आणि पॅन दिलं नसेल किंवा निष्क्रिय असेल तर तो थेट २० टक्के होतो.

रोज ठरलेल्या वेळेला जायचं, सुट्टी विचारून घ्यायची, काम साहेब सांगेल ते, आणि कागदावर मात्र कन्सल्टंट, असं असेल तर जॉईन व्हायच्या आधीच विचारा की पगारावर का घेत नाही. पीएफ आणि ईएसआयसी वाचवायला कागद असे बनवतात, हे माझं स्पष्ट मत आहे. नोकरीची गरज असेल तर घ्या, पण हिशोब करून घ्या. २० हजार फी आणि १८ हजार पगार यात पगाराचा सौदा बरा.

टप्पा ३: जॉईनिंगच्या दिवशीचे फॉर्म

एचआर गठ्ठा देतो आणि "इथे इथे सही कर" म्हणतो. तीन कागदांवर थांबा.

पहिला, पीएफचा फॉर्म ११. यात विचारतात की आधी पीएफ होता का. जुना यूएएन असेल तर 'हो' लिहून तोच नंबर द्या. लोक कटकट नको म्हणून 'नाही' लिहितात, मग दुसरा यूएएन तयार होतो आणि दोन्हीकडचे पैसे एकत्र करता करता नाकी नऊ येतात. बेसिक-डीए १५,००० किंवा त्याखाली असेल तर 'मला पीएफ नको' हा पर्याय नसतो, कोणी तसं लिहून मागितलं तर ते चुकीचं आहे. नॉमिनीचं नाव त्याच आठवड्यात घाला.

दुसरा, ईएसआयसी. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर हे लागू. तुमचा १० आकडी विमा नंबर तयार होतो आणि ई-पहचान कार्ड निघतं. आई-वडील, बायको, मुलं यांची नावं यात टाकायची असतात आणि बहुतेक जण फक्त स्वतःचं टाकून मोकळे होतात. १३५ रुपयात घरच्यांचे उपचार होतात, पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे, तिथे ऐनवेळी कार्डावर आईचं नाव नाही म्हणून धावपळ करणारी माणसं मी बघितलीत.

तिसरा, टॅक्सची निवड, जुनी पद्धत का नवीन. काहीच निवडलं नाही तर नवीन धरतात आणि कमी पगाराला तेच योग्य आहे. नवीनमध्ये ४ लाखांपर्यंत शून्य, पगारदाराला ७५,००० ची सरसकट वजावट, आणि १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नाला रिबेट (टॅक्समध्ये सूट) मिळून टॅक्स शून्य. १८ हजारवाल्याचं वर्षाचं होतं २ लाख १६ हजार, म्हणजे तो पहिल्या पायरीवरही पोचत नाही. जुन्यातही त्याला टॅक्स नाही, पण पुढे पगार वाढला आणि निवड तशीच राहिली तर चांगलाच फटका बसतो. ५०,००० महिना झाला तर नवीनमध्ये टॅक्स शून्य आणि जुन्यात काही गुंतवणूक दाखवली नाही तर २३,४००.

याच वर्षात आधी दुसरीकडे नोकरी केली असेल तर तिथला पगार आणि टीडीएस नवीन कंपनीला कळवा, त्यासाठी फॉर्म १२ बी असतो.

*सावधान:* "टॅक्स वाचवायला एलआयसी घे" म्हणून कोणी जॉईनिंगच्या आठवड्यातच चिकटला तर त्याला विचारा, कुठला टॅक्स? नसलेला टॅक्स वाचवायला वर्षाला १५ हजारांचा हप्ता गळ्यात घालून घेतलेली पोरं दर मार्चला भेटतात.

टप्पा ४: पहिली स्लिप, वरून खाली

स्लिप हातात आली की कपातीच्या रकान्यावर उडी मारू नका. क्रम पाळा.

आधी दिवस. किती दिवस भरले, किती खाडे लागले. मावसभाऊ ९ तारखेला लागला, म्हणजे ३० पैकी २२ दिवस. १८,००० चे १३,२०० इथेच झाले. अर्धा धक्का हाच होता आणि याचा कपातीशी संबंधच नाही.

मग कमाईचा रकाना. बेसिक, भत्ते, ओटी असेल तर ओटी. पत्राशी जुळतंय का बघा.

मग कपात, एकेक ओळ:

- पीएफ १,३२०. बेसिक २२ दिवसांचं ११,००० झालं, त्याचे १२ टक्के. हे तुमचेच पैसे, ढीग पहिला.
- ईएसआयसी ९९. परत येत नाही, पण बदल्यात विमा आहे. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या हप्ता-काळात ७८ दिवसांचे हप्ते भरलेले लागतात, उपचार मात्र पहिल्या दिवसापासून.
- प्रोफेशनल टॅक्स २००. हा राज्याचा, इन्कम टॅक्स नव्हे. सगळा गोंधळ या 'टॅक्स' शब्दाने होतो.
- कामगार कल्याण निधी २५. फक्त जून आणि डिसेंबरमध्ये.

बेरीज १,६४४, हातात ११,५५६. जुळलं.

प्रोफेशनल टॅक्सबद्दल जरा जास्त सांगतो, कारण यात खरोखर चुका होतात. महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याला ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २००. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. त्या महिन्यात शंभर रुपये कमी आले म्हणून मार्चमध्ये भांडायला येऊ नका. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत शून्य. शून्य! तरी कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये १०,००० चीच मर्यादा राहिलेली असते आणि १६ हजारवाल्या मुलीचे २०० कापले जातात. मुलींनी ही ओळ आवर्जून बघा. दर महिन्याचा स्लॅब त्या महिन्याच्या पगारावर ठरतो, म्हणून महिन्याच्या शेवटी लागलात आणि पगार ६,००० च झाला तर पुरुषालाही त्या महिन्यात पीटी (प्रोफेशनल टॅक्स) नाही. गोव्यात हा टॅक्सच नाही, तेव्हा पणजीत काम करणाऱ्याच्या स्लिपवर तो दिसला तर विचारा.

आता तिसरा ढीग. स्लिपवर यातलं काही दिसलं तर थांबा:

पीएफ दोनदा कापलेला, एक तुमचा आणि एक 'एम्प्लॉयर पीएफ' म्हणून. सीटीसीत कंपनीचा हिस्सा दाखवणं चालतं, पण ग्रॉसमधून तो कापता येत नाही. १८,००० ग्रॉसमधून पीएफचे ३,६०० गेले असतील तर ते साफ चूक.

'टीडीएस' किंवा 'इन्कम टॅक्स' या ओळीत शून्य सोडून काहीही. १८-२० हजारांच्या पगारावर इथे आकडा असायचं कारणच नाही.

युनिफॉर्म, डिपॉझिट, 'इतर'. 'इतर' म्हणजे काय ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उचल घेतली असेल तर तिची ओळ वेगळी पाहिजे, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.

एक भर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग मूळ वेतनात धरायचा आहे. ज्यांचं बेसिक मुद्दाम ७-८ हजार ठेवून बाकी भत्ते दाखवले होते त्यांचा पीएफ त्यामुळे वाढलेला दिसू शकतो.

टप्पा ५: कापलेले पैसे भरले का?

स्लिपवर कापलं म्हणजे भरलं असं नाही. पीएफ आणि ईएसआयसी दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणून २० तारखेच्या पुढे बघा.

पीएफसाठी उमंग ऍपवर यूएएन चालू करा आणि पासबुक उघडा. इथे लोक हमखास एक चूक करतात. तुमचे १,८०० दिसतात, त्याशेजारी कंपनीचे ५५० च दिसतात, आणि लगेच "कंपनीने पैसे खाल्ले". नाही खाल्ले. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या रकान्यात जातात, तो शेजारीच असतो.

ईएसआयसीचं त्यांच्या पोर्टलवर विमा नंबर टाकून दिसतं, किती दिवसांचा हप्ता भरला तेही.

टीडीएस कापला असेल तर इन्कम टॅक्स पोर्टलवर २६ एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडा. तो दर तीन महिन्यांच्या विवरणानंतर तिथे दिसतो, त्यामुळे लगेच नाही दिसला तर थोडं थांबा. तिमाही उलटून दोन महिने झाले तरी नाही, तर मात्र विचारा, पॅनचा एखादा आकडा चुकीचा टाकलेला असतो.

टप्पा ६: चूक सापडली तर

फोनवर बोलून सोडू नका. ईमेल किंवा मेसेज करा, त्यात महिना, ओळ, कापलेली रक्कम आणि तुमच्या मते बरोबर रक्कम, एवढंच. समजा एखाद्या मुलीचा पीटी चुकून कापलाय, तर तिने लिहायचं: "जुलैच्या स्लिपमध्ये पीटी २०० कापलाय, माझा पगार २५ हजारांच्या आत आहे, पुढच्या पगारात परत द्यावा." राग राग नको, प्रामाणिक चूक असेल तर पुढच्या महिन्यात एरिअर (मागची बाकी) म्हणून येतात पैसे.

पीएफ कापून भरलाच नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. स्लिपा जोडा. म्हणूनच सांगतो, दर महिन्याची स्लिप स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, नोकरी सुटली की कंपनीचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं.

टीडीएस मात्र एकदा सरकारकडे भरला की कंपनी परत देऊ शकत नाही. तो रिटर्न भरूनच सुटतो. पगारवाल्यांना आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म, त्याची नेहमीची मुदत ३१ जुलै. प्रोफेशनल फी असेल तर आयटीआर-१ चालत नाही, ३ किंवा ४ लागतो, आणि हा चुकीचा फॉर्म भरल्यामुळे बऱ्याच जणांचा रिफंड अडकतो. भरायच्या आधी पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट करा आणि भरल्यावर आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर रिटर्न वेळेत भरलेलं धरत नाहीत.

टीडीएस कापलाच नसेल तर कंपनी फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचा वर्षाचा दाखला) देत नाही, त्यावरून वाद घालू नका, स्लिपा आणि बँक स्टेटमेंट पुरतात.

टप्पा ७: नोकरी सोडताना

पीएफ लगेच काढायची घाई करू नका. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्यावर रक्कम काढली तर पॅन असताना १० टक्के टीडीएस, पॅन नसेल तर २०. पेन्शनला एकूण दहा वर्षं नोकरी लागते, आणि मधेच पेन्शनचेही पैसे काढले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवीन कंपनीत तोच यूएएन द्या आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करून घ्या.

सोडल्यानंतर यूएएन पोर्टलवर 'नोकरी सोडल्याची तारीख' पडली का बघा. कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला आधार ओटीपीने टाकता येते. मावसभावाने यावर्षी कंपनी बदलली तेव्हा ट्रान्सफर अडलं ते याच एका रिकाम्या तारखेमुळे. ती टाकली आणि अर्ज पुढे सरकला.